दोन लिप्यांचा मास्तर

वर्धा शिक्षण योजनेवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. टकळी, चरखा, स्वावलंबन आणि बुनियादी तालीम या शब्दांभोवती ते लिखाण फिरत असते. योजनेचा आराखडा ज्या समितीने तयार केला तिचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते, हेही सांगितले जाते. आपल्या समाजात तर ते थोड्या अभिमानाने सांगितले जाते. पण या समितीच्या अभ्यासक्रमात, भाषेच्या प्रकरणात, एक लहानशी तरतूद आहे. तिच्याकडे फारसे कुणी वळलेले दिसत नाही. ज्या प्रांतांत हिंदुस्तानी ही मुलांची मातृभाषा नाही, तिथे पाचव्या आणि सहाव्या वर्षी ती शिकवावी, असे समितीने सुचवले. मुलांनी ती नागरीत लिहावी की उर्दूत, हे मुलांवर सोपवले. शिक्षकाला मात्र दोन्ही लिप्या येणे इष्ट आहे, असे म्हटले. कारण त्याच्यापुढे दोन्ही प्रकारची मुले बसणार होती.

मुलाला मोकळीक आणि मास्तराकडून जास्तीची अपेक्षा, असा हा सौदा आहे. १९३७ साली, आपल्याच विदर्भात, वर्ध्याला तो ठरला. आज ‘सर्वसमावेशक शिक्षण’ हा शब्द प्रत्येक प्रशिक्षण वर्गात ऐकू येतो. आधी तो दिव्यांग मुलांच्या संदर्भात आला, मग पसरत पसरत वंचित, स्थलांतरित, अल्पसंख्य अशा सगळ्यांना कवेत घेऊ लागला. शब्द नवा असला तरी प्रश्न जुना आहे. वर्गात जे मूल बसत नव्हते ते बसायला आले, तर बदलायचे कुणी? मुलाने की मास्तराने? गेल्या दोनशे वर्षांत महाराष्ट्राने या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे देऊन पाहिली, आणि त्या उत्तरांमध्ये मराठी बोलणाऱ्या मुसलमानाच्या मुलाचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडे मास्तर ‘तयार’ करण्याची सुरुवात कंपनी सरकारच्या काळात झाली. मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली चोवीस शिक्षक शिकवून तयार झाले आणि १८२६ च्या सुमारास ते दख्खन, कोकण, गुजरात या भागांतल्या गावोगाव पाठवले गेले. त्यांना अंकगणित, व्याकरण, लेखन नीट शिकवले होते. कुणाच्या मुलांना शिकवायचे, हा प्रश्न त्या प्रशिक्षणात नव्हता. पंतोजींच्या शाळेत जी मुले येत होती तीच सरकारी शाळेत येणार, हे गृहीत होते.

तो प्रश्न पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उभा केला तो जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली हे सर्वांना ठाऊक आहे. त्या शाळेमागची एक तयारी मात्र झटकन नजरेआड होते. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे रीतसर शिक्षण घेतले होते, अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. ज्यांना कुणी शिकवत नव्हते त्यांना शिकवायचे, तर आधी शिकवणारी बाई घडली पाहिजे, हे या दांपत्याने ओळखले होते. फातिमा शेख यांचे नाव याच ठिकाणी येते. त्यांच्याविषयी आपण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत भरभरून बोललो, ९ जानेवारीला जयंत्या केल्या, आणि २०२५ च्या सुरुवातीला त्यांच्या अस्तित्वावरच शंका घेतली गेली तेव्हा गोंधळून गेलो. गोंधळायचे कारण नव्हते. १० ऑक्टोबर १८५६ या तारखेच्या, सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचे नाव आहे, कामाच्या ओझ्याबद्दल कुरकूर न करणारी सहकारी म्हणून. त्याहून जास्त जे आपण सांगतो त्याला कागदाचा आधार फार थोडा आहे. जेवढा आधार आहे तेवढेच सांगितले तरी ती बाई लहान होत नाही.

खरी कलाटणी १८८२ ची. लॉर्ड रिपन यांनी नेमलेल्या हंटर आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी निवेदन दिले. हे निवेदन आपण बहुतेक वेळा प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा या मागणीसाठी आठवतो. मला त्यातला शिक्षकांविषयीचा भाग जास्त मोलाचा वाटतो. प्राथमिक शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते गावच्या लोकांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा त्यांना कळतील, असे जोतीराव म्हणतात. असा शिक्षक त्यांना हवा आहे की ज्याला प्रसंगी नांगराची मूठ धरायला किंवा सुताराचा वाकस हातात घ्यायला लाज वाटणार नाही. त्याच्या प्रशिक्षणात नेहमीच्या विषयांखेरीज शेती आणि आरोग्य यांची तोंडओळख असावी. अप्रशिक्षित शिक्षकांच्या जागी प्रशिक्षित शिक्षक आणावेत आणि त्यांना दरमहा बारा रुपयांहून कमी पगार नसावा. शिक्षकाची जात, त्याचे हात आणि त्याचा पगार या तिन्ही गोष्टी एकदम धरून बोलणारा माणूस त्या काळात दुसरा सापडणे कठीण आहे.

आणि तरीही याच निवेदनात मुसलमानांचा विषय एक-दोन वाक्यांत उरकलेला आहे. मुसलमानही या शाळांपासून दूरच राहतात, त्यांना मराठीची आणि इंग्रजीची आवड दिसत नाही. त्यांच्या भाषेतून शिकवणाऱ्या काही थोड्या शाळा आहेत, अशा आशयाचे ते शब्द आहेत. यात द्वेष नाही. पैगंबरांवर अखंड रचणाऱ्या जोतीरावांवर तसा आरोप कुणी करू धजणार नाही. पण पुण्यात बसून जे दिसले ते त्यांनी सगळ्या मुसलमानांना लावले. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांची मराठी, कोकणातल्या खलाशी-शेतकऱ्यांची घरातली बोली, घाटावरच्या बागवान-तांबोळ्यांची बाजारातली भाषा, हे सगळे त्या एका वाक्याखाली झाकले गेले. शेतकऱ्याच्या मुलासाठी शेतकऱ्यांतून मास्तर मागणाऱ्या जोतीरावांनाही मराठी बोलणाऱ्या मुसलमानाचे मूल दिसले नाही, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

आयोगाला मात्र ते अर्धवट का होईना दिसले होते. आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणासाठी वेगळ्या सतरा शिफारशी केल्या. मुसलमानांच्या जुन्या शाळांनी व्यवहारोपयोगी विषय घ्यावेत म्हणून त्यांना उत्तेजन द्यावे, शिष्यवृत्त्या द्याव्यात, मुसलमान तपासनीस अधिक संख्येने नेमावेत, आणि गरज असेल तिथे मुसलमान शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी नॉर्मल स्कूल किंवा वर्ग काढावेत, अशा त्या शिफारशी होत्या. माध्यमाबाबतची शिफारस अशी होती की प्राथमिक आणि मिडल शाळांत मुसलमानांना प्रामुख्याने हिंदुस्तानीतून शिकवावे. ज्या भागातल्या मुसलमान समाजाला दुसरी भाषा हवी असेल तो भाग वगळून.

हे शेवटचे ‘वगळून’ आपल्यासाठी लिहिले गेले होते. कोकणातला, पश्चिम महाराष्ट्रातला मराठी बोलणारा मुसलमान त्यात बसत होता. पण अपवाद वापरायचा तर समाजाने पुढे येऊन तशी मागणी करायला हवी होती, आणि मागणी करणारे पुढारी मुंबईत होते. १८७४ साली स्थापन झालेल्या अंजुमन-इ-इस्लामच्या उभारणीत बद्रुद्दीन तय्यबजी आणि नाखुदा महंमद अली रोगे ही दोन मोठी नावे. रोगे कोकणी मुसलमान. तय्यबजींचे घराणे मूळचे गुजराती बोलणारे. त्यांनी ठरवून घरात हिंदुस्तानी आणली. म्हणजे ज्यांची घरची भाषा मुळात उर्दू नव्हती अशा माणसांनी उर्दू हीच मुसलमानांची भाषा हे मान्य केले. त्यांना दोष द्यायचा हेतू नाही. अखिल हिंदुस्थानी मुसलमान समाज घडवायचा होता, त्याला एक भाषा हवी होती. त्या काळातल्या प्रत्येक समाजाने थोड्याफार फरकाने हेच केले. पण त्याची किंमत संगमेश्वरच्या किंवा कराडच्या पोराने दिली. शिफारशीतला मुख्य भाग अमलात आला आणि अपवाद कागदावर राहिला.

याचा शिक्षक-प्रशिक्षणावर जो परिणाम झाला तो दूरगामी होता. पुढच्या काळात मास्तर घडवण्याचे दोन वेगळे प्रवाह झाले. एका प्रवाहातून मराठी शाळांचे मास्तर निघाले. त्यांच्या मनात मुसलमान मूल म्हणजे उर्दू शाळेत जाणारे मूल. दुसऱ्या प्रवाहातून उर्दू शाळांचे मास्तर निघाले. त्यांच्या मनात मुसलमान मूल म्हणजे घरी उर्दू बोलणारे मूल. घरात मराठी किंवा दखनी बोलणारे आणि मराठी शाळेत बसणारे मूल दोघांच्याही पाठटाचणात नव्हते.

या दोन प्रवाहांच्या बाहेर काही ठिकाणी वेगळे घडले. कोल्हापूर हे त्यातले पहिले. शाहू महाराजांनी १९०६ साली मुसलमान विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग काढले आणि त्याच्या संस्थेचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. ही बोर्डिंगची कल्पना चतुर होती. मूल राहायला आपल्या लोकांत, शिकायला सगळ्यांच्या शाळेत. भाषेचा वाद त्यात आपोआप बाजूला पडला. पण महाराजांचे शिक्षकांच्या बाबतीतले खरे पाऊल १९१९ चे आहे. अस्पृश्यांसाठी असलेल्या वेगळ्या शाळा त्या वर्षी त्यांनी बंद केल्या आणि ती मुले सर्वांच्या शाळेत घातली. त्याच सुमारास संस्थानच्या निरनिराळ्या खात्यांना हुकूम गेले की अस्पृश्यांना समतेने आणि सौजन्याने वागवले पाहिजे. ज्या नोकराला हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही. शिक्षण खातेही त्यात होते.

आजच्या प्रशिक्षण वर्गात ‘दृष्टिकोन बदलणे’ या विषयावर दोन-दोन तासांची सत्रे होतात, चहा-बिस्किटे होतात, तक्ते रंगवले जातात. शाहू महाराजांनी दृष्टिकोनाची वाट पाहिली नाही. आधी वागणूक बदला, मन मागाहून बदलेल किंवा न बदलेल, असा तो रोखठोक हिशेब होता. हुकूमशाही म्हणून त्याला नाके मुरडता येतील. वर्गाच्या दाराबाहेर बसवलेल्या पोराला त्या हुकुमाने आत आणले, एवढे खरे.

कर्मवीर भाऊराव पाटील याच कोल्हापुरी मुशीतले. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ साली साताऱ्याला बोर्डिंग काढले. तिथे मराठा, महार, जैन, मुसलमान सगळी मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीला बसत. गांधीजींनी १९२७ साली हे पाहिले. पण भाऊरावांना लवकरच कळले की वसतिगृहाने पाच-पन्नास मुले घडतील, जिल्हा घडणार नाही. गावोगाव शाळा काढायच्या तर त्या चालवणारा मास्तर याच मुलांतून निघाला पाहिजे. १९३५ साली साताऱ्याला त्यांनी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. जोतीरावांनी १८८२ साली मागितलेला मास्तर, म्हणजे नांगराची मूठ धरायला न लाजणारा, त्रेपन्न वर्षांनी इथे घडू लागला. संस्थेने पुढे पाचशेहून अधिक व्हॉलंटरी प्राथमिक शाळा चालवल्या त्या अशाच मास्तरांच्या जोरावर. खड्डे खणणारा, विहिरीचे पाणी शेंदणारा, महाराच्या आणि मुसलमानाच्या ताटाशेजारी बसून जेवलेला शिक्षक गावात गेला की त्याला ‘समावेशन’ वेगळे शिकवावे लागत नव्हते. पंगतीत ते होऊन गेलेले असे.

साताऱ्यात हे चालले असताना वर्ध्याला गांधीजींनी २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षण परिषद बोलावली. सात प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच आली होती आणि प्राथमिक शिक्षणाला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न समोर होता. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, हस्तव्यवसायाच्या भोवती गुंफलेले, आणि हळूहळू शिक्षकाचा पगार त्यातूनच निघावा, असे ठराव झाले. परिषदेत जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन होते. जर्मनीत शिकून आलेले, १९२६ पासून जामियाची धुरा वाहणारे, मुलांसाठी ‘अब्बू खाँ की बकरी’सारखी गोष्ट लिहिणारे झाकिरसाहेब हे हातकामातून शिक्षण या कल्पनेचे जुने समर्थक. पण स्वावलंबनाच्या मुद्द्यावर ते परिषदेतच सावध झाले. मुलांच्या कामातून पैसा काढण्यावर भर दिला तर मास्तर गरीब पोरांना राबवून घेणारा मुकादम होईल, आणि मग टकळी पुस्तकापेक्षाही वाईट ठरेल, असा इशारा त्यांनी दिला. गांधीजींच्या समोर, गांधीजींनीच बोलावलेल्या परिषदेत हे बोलणे सोपे नव्हते. आणि गांधीजींचेही मोठेपण असे की समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच गेले.

समितीत विनोबा होते, काका कालेलकर होते, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा, के. टी. शहा होते, आर्यनायकम आणि आशादेवी हे दांपत्य होते. मुसलमान दोन. झाकिरसाहेबांखेरीज दुसरे ख्वाजा गुलाम सय्यदैन, पानिपतच्या हालींच्या घराण्यातले आणि अलीगढच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य राहिलेले. मास्तर घडवणे हा ज्यांचा रोजचा व्यवसाय होता अशी माणसे समितीत असल्याने शिक्षक-प्रशिक्षणाचे प्रकरण त्या अहवालात वरवरचे राहिले नाही. पूर्ण प्रशिक्षण तीन वर्षांचे. घाईची गरज म्हणून जुन्या शिक्षकांना एक वर्षाचे. एका शिक्षकाकडे तीसहून जास्त मुले नसावीत. पगार जमल्यास पंचवीस रुपये, पण वीसच्या खाली कधीही नाही. जोतीरावांच्या बारा रुपयांपासून इथपर्यंत यायला पंचावन्न वर्षे लागली होती. शाळेच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे हस्तव्यवसायाला होती. हे प्रमाण जास्तच होते असे माझे मत आहे, आणि योजना पुढे रोडावण्याचे तेही एक कारण आहे.

या सगळ्याच्या मध्ये लिपीची ती तरतूद बसलेली आहे. ती कुणाच्या लेखणीतून आली असेल, याचा अंदाज करायला हरकत नाही. पण ती विनोबा आणि कालेलकर यांच्या सहमतीने आली आहे, हे त्याहून महत्त्वाचे. तिचा व्यवहारातला अर्थ काय होतो पाहा. लोणीचा किंवा खामगावचा मराठी मास्तर, आडनाव कुलकर्णी असो की गायकवाड, त्याने अलिफ-बे शिकायचे. मालेगावचा अन्सारी मास्तर असेल तर त्याला नागरी पक्की यायला हवी. वर्गातला सलीम नागरीत लिहो वा उर्दूत, त्याची वही मास्तराला तपासता आली पाहिजे. सलीमने नागरी निवडली तर तो कमी मुसलमान ठरत नाही आणि उर्दू निवडली तर परका ठरत नाही. १८८२ च्या आयोगाने मुसलमान मुलासाठी वेगळा मास्तर दिला होता. वर्ध्याच्या समितीने सगळ्यांच्या मास्तरालाच त्याच्यासाठी तयार करायचे ठरवले.

एप्रिल १९३८ मध्ये वर्ध्याला विद्यामंदिर ट्रेनिंग स्कूल सुरू झाले. हिंदुस्तानी तालीमी संघ सेवाग्रामला उभा राहिला, झाकिर हुसेन त्याचे पहिले अध्यक्ष आणि आर्यनायकम मंत्री. त्याच वर्षी दिल्लीत जामियाने ‘उस्तादों का मदरसा’ काढला, बुनियादी शाळांचे शिक्षक घडवण्यासाठी. ऑक्टोबर १९३९ मध्ये बुनियादी शिक्षणाची पहिली परिषद पुण्याला भरली. दोन वर्षांत एवढे उभे राहिले, आणि तेवढ्याच वेगाने विरोधही उभा राहिला. मध्य प्रांत-वऱ्हाडात रविशंकर शुक्लांनी शाळांना ‘विद्यामंदिर’ हे नाव दिले आणि मुस्लिम लीगला आयते निमित्त मिळाले. मंदिरात आमची मुले कशी पाठवायची, असा प्रश्न गावोगाव विचारला जाऊ लागला. लीगच्या १९३८ च्या पीरपूर अहवालात या शाळांविषयीच्या तक्रारी आल्या. योजनेत धर्मशिक्षण नाही हा आक्षेप होताच. काही आक्षेप राजकारणाचे होते, काही खरे होते. नावाचा आक्षेप मला खरा वाटतो. ज्या योजनेत मास्तराला दोन लिप्या शिकवण्याइतकी दूरदृष्टी होती, तिच्या शाळेच्या पाटीवर काय लिहावे याचा विचार प्रांताच्या सरकारला सुचू नये, याचे नवल वाटते. ‘शाळा’ हा शब्द मराठीत होता. तो कुणाचाच नव्हता आणि सगळ्यांचा होता.

या भांडणात सर्वांत जास्त ओढाताण झाली ती झाकिरसाहेबांची. लीगवाल्यांना ते काँग्रेसचे वाटत, आणि योजनेचे कट्टर पुरस्कर्ते त्यांच्याकडे टकळीवर शंका घेणारा म्हणून पाहत. पुढचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. १९३९ साली मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, युद्ध आले, फाळणी आली. १४ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीने देवनागरी लिपीतली हिंदी ही संघराज्याची राजभाषा ठरवली आणि दोन लिप्यांची हिंदुस्तानी मागे पडली. त्याबरोबर दोन लिप्यांचा मास्तरही गेला. कुणी त्याला रद्द केले नाही. त्याची आठवण कुणाला राहिली नाही. बुनियादी शाळांत सूत तेवढे कातले गेले, आणि यथावकाश तेही थांबले.

स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची जबाबदारी राज्यांवर आली. महाराष्ट्रात उर्दू शाळांचे जाळे चांगले पसरले. या शाळांनी मोमीनपुऱ्यातल्या, मिल्लतनगरांतल्या पहिल्या पिढीच्या मुलींना शाळेत आणले, आणि उर्दू माध्यमाच्या डी.एड.ने आपल्या हजारो मुलींना मास्तरीण केले. हे काम मोठे आहे. हमीद दलवाई आणि मुस्लिम सत्यशोधक मंडळाने (स्थापना १९७०) प्रादेशिक भाषेतून शिका असा आग्रह धरला तेव्हा आपल्यात केवढा धुरळा उडाला होता, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. त्या वादात दोन्ही बाजूंनी मुलाने कोणत्या शाळेत जावे यावरच भर दिला. ज्या शाळेत ते जाईल तिथल्या मास्तराला काय यावे, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

असे असताना त्याच काळात ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ नेमके ते करीत होत्या. १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर. वारली मूल गुरे सोडून शाळेत येत नाही, तर शाळा गुरांमागे कुरणात न्यायची, अशी त्यांची कुरणशाळा. मुलाची बोली शिक्षिकेने शिकायची, त्याच्या पानाफुलांची नावे तिने पाठ करायची. अंगणवाडी हा शब्द याच कामातून देशभर गेला. वारली मुलासाठी जे सुचले ते दखनी बोलणाऱ्या मुलासाठी कुणाला सुचले नाही. अनुताईंसारखी एखादी बाई आपल्या मोहल्ल्यांना लाभली असती तर, असे मनात आल्याशिवाय राहत नाही.

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने एक मोठा गैरसमज दूर केला. मदरशात शिकणारी मुसलमान मुले शाळेच्या वयाच्या मुलांपैकी तीन-चार टक्केच आहेत. बाकीची शाळेत जाणारी मुले सर्वसाधारण शाळांत आहेत. महाराष्ट्रात त्यांतली पुष्कळ मराठी शाळांत, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या. म्हणजे मुसलमान मुलाचे शिक्षण सुधारायचे तर आधी सर्वसाधारण मराठी मास्तराकडे वळले पाहिजे. त्या मास्तराच्या वर्गात काय होते हे आपल्याला घरोघर माहीत आहे. पहिलीतले पोर ‘मेरे कू नक्को’ म्हणते. त्यातला ‘नक्को’ मराठीतूनच गेलेला आहे, हे मास्तराला कुणी सांगितलेले नसते. तो त्याला अशुद्ध मराठी समजतो. हजेरीपटावर महंमद, मोहम्मद, महमद अशी एकाच नावाची तीन रूपे पडतात आणि दहावीच्या प्रमाणपत्रापर्यंत त्याचा त्रास होतो. मातृभाषेच्या रकान्यात घरी न विचारता ‘उर्दू’ लिहिले जाते. ‘तुमच्यात काय करतात’ हा प्रश्न प्रेमाने विचारला जातो, आणि सातवीतल्या मुलीचा निबंध वाचून दाखवल्यावर ‘मुसलमान असूनही मराठी किती छान’ ही शाबासकीही प्रेमानेच दिली जाते. मुलीला त्या शाबासकीतला ‘असूनही’ आयुष्यभर पुरतो. यात मास्तर दुष्ट आहे असे मुळीच नाही. त्याच्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणात हे मूल आलेच नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक त्रासालाही बंदी केली, शक्य तोवर मातृभाषेतून शिकवा असे सांगितले, आणि लहान शाळांसाठी साधारण तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठेवले, म्हणजे वर्ध्याचाच आकडा. कायदा चांगला आहे. तो शिक्षकाला काय करू नये हे सांगतो. काय यावे, हे अध्यापक विद्यालयातच ठरते, आणि तिथले दोन प्रवाह आजही वेगळेच वाहत आहेत. एकाच शहरात मराठी माध्यमाचे आणि उर्दू माध्यमाचे अध्यापक विद्यालय असते. दोन्हीकडचे छात्राध्यापक एकाच एस.टी.ने येतात आणि एकमेकांचा वर्ग कधी पाहत नाहीत. सरावपाठांपैकी पाच पाठ उर्दूच्या छात्राध्यापकाने मराठी शाळेत घ्यावेत आणि मराठीच्या छात्राध्यापकाने उर्दू शाळेत निदान निरीक्षणाला बसावे, एवढे करायला कुठला आयोग लागत नाही. दोन प्राचार्यांनी एकत्र बसून वेळापत्रक केले की झाले. आपल्या समाजाच्या ताब्यात असलेल्या संस्थांनी तरी ते आधी करावे. उर्दू विद्यालयातल्या छात्राध्यापकालाही शिकण्यासारखे तिथे पुष्कळ आहे. घरी मराठी बोलणारे कोकणी मूल त्याच्याही वर्गात येते आणि ‘सही उर्दू’ येत नाही म्हणून मागच्या बाकावर जाते.

लिपीचे म्हणाल, तर उर्दूची अक्षरओळख ही मराठी माणसाला एका उन्हाळी सुट्टीची गोष्ट आहे. शब्द अर्धे ओळखीचेच असतात. कागद, दुकान, जमीन, हिशेब, शाई, तारीख यांना नवा पोशाख घातलेला दिसतो एवढेच. आणि आपल्या मोहल्ल्यांत अशा आया आजही पुष्कळ आहेत ज्यांना देवनागरी वाचता येत नाही पण उर्दू येते. मराठी शाळेतल्या मुलाच्या वहीत मास्तर नेहमी लाल शाईने ‘पालकांनी भेटावे’ असे लिहितात. ती वही घरी जाते, आई ती उलटसुलट करून पाहते आणि बाप कामावरून येईपर्यंत फडताळात ठेवून देते. तीच ओळ एखाद्या मास्तराने वळणदार नसली तरी चालेल अशा उर्दूत लिहिली, तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी बुरख्याच्या पदराला हात पुसत शाळेच्या फाटकाशी उभी राहील.